मूळ स्वरूपाचा प्रश्न : जुनी ब्रिटिश कूपे महाराष्ट्रात बाळगताना आणि दुरुस्त करताना

दोन दारांची, पक्क्या छताची, मागच्या बाजूला छत उतरत गेलेली आणि चालकाला नोकर न मानता मालकानेच हाकावी अशा बेताने बांधलेली मोटार म्हणजे कूपे, अशी ढोबळ व्याख्या करता येते. रोव्हर कंपनीने १९६२ पासून चार दारांच्या, पण अडीच इंचांनी बुटक्या छताच्या गाडीलाही हेच नाव दिले, हा व्याख्येला पडलेला एक जुना तडा आहे. १९३०च्या दशकापासून १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बेंटली, जॅग्वार, अॅस्टन मार्टिन, ब्रिस्टल, अल्विस, जेन्सन अशा ब्रिटिश कंपन्यांनी या जातीच्या गाड्या थोड्या संख्येने आणि मोठ्या किमतीला विकल्या. त्यांतली एखादी आज महाराष्ट्रात बाळगणे आणि तिचा जीर्णोद्धार करणे हा धनिकांचा छंद आहे एवढे म्हणून विषय सोडून देण्याची रीत आहे. परंतु या छंदाच्या पोटात वारसाजतनाचा एक खरा पेच दडलेला आहे. जुन्या वस्तूचे ‘मूळ स्वरूप’ कारखान्यातून बाहेर पडल्या दिवशीचे मानायचे, की ज्या मुलखात ती पन्नास-साठ वर्षे चालली त्या मुलखाने तिला दिलेले रूपही त्या मूळपणात धरायचे, हा तो पेच होय. आणि २०२१ नंतर त्याच्या उत्तरावर गाडीची कायदेशीर नोंदणीसुद्धा अवलंबून राहू लागली आहे.

मराठी मुलखाशी ब्रिटिश उंची मोटारीचा संबंध बराच जुना आहे. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर या सुमारे ६२० मैलांच्या, घाटांनी भरलेल्या मार्गावर मोटारींची जी कसोटी झाली तीत रोल्स-रॉइसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ जातीची, ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाने ओळखली जाणारी गाडी यशस्वी ठरली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. हिंदुस्थानातील संस्थानिकांचे लक्ष या कंपनीकडे वळण्यास ही घटना मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली. मात्र संस्थानिकांची पसंती प्रामुख्याने लांबलचक, उघड्या किंवा दरबारी थाटाच्या गाड्यांना होती, कारण मिरवणूक, शिकार आणि दौरा या तिन्हींसाठी मागे बसणारा माणूस महत्त्वाचा असे. मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात आज ज्या तालुक्याला शिरूर कासार म्हणतात तो भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीतली सर्वांत प्रसिद्ध मोटार, हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळणारी १९१२ची रोल्स-रॉइस, ही तर चाकांवर बसवलेले सिंहासनच आहे. अशा वातावरणात दोन माणसांपुरती बंद गाडी मागवणारा संस्थानिक हा अपवाद ठरे. इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर हे या अपवादात्मक रसिकतेचे ठळक उदाहरण म्हणावे लागते. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग राजवाडा आधुनिक शैलीत उभारून घेणाऱ्या या राजाने आपल्या ड्यूसेनबर्ग या अमेरिकी गाडीवर १९३५ मध्ये लंडनच्या गर्नी नटिंग या बांधणीकारांकडून वरचा सांगाडा चढवून घेतला. ती गाडी उघडी होती, कूपे नव्हती. परंतु स्वतः चालवण्यासाठी, स्वतःच्या नजरेने आणि एका विशिष्ट कारागिराकडून गाडी घडवून घेण्याची जी वृत्ती ब्रिटिश कूपेच्या मुळाशी आहे, तीच येथे दिसते.

येथे ‘बांधणीकार’ हा शब्द समजून घेणे आवश्यक आहे, कारण जीर्णोद्धाराच्या बहुतेक अडचणी त्याच्यापासून सुरू होतात. दुसऱ्या महायुद्धापर्यंत आणि उंची गाड्यांच्या बाबतीत त्यानंतरही काही काळ, मोटार कंपनी फक्त खालचा चौकटबंद भाग, म्हणजे चासी, इंजिन, चाके आणि सुकाणू एवढेच विकत असे; वरचा पत्र्याचा आणि लाकडाचा बांधा ग्राहक आपल्या पसंतीच्या स्वतंत्र कारखान्याकडून करवून घेई. त्यामुळे एकाच वर्षाच्या, एकाच नमुन्याच्या दोन बेंटलींचे दरवाजेसुद्धा एकमेकांना बसतील याची खात्री नसते. १९५२ ते १९५५ या काळात तयार झालेल्या बेंटली आर-टाइप कॉन्टिनेंटल या गाड्यांची एकूण संख्या २०८ असून, त्यांतील बहुसंख्य गाड्यांचे हलक्या धातूचे बांधे एच. जे. मुलिनर या एकाच बांधणीकाराचे आहेत, म्हणून तिला या नियमाचा काहीसा सौम्य अपवाद म्हणता येईल. जॅग्वारने १९५१ मध्ये एक्सके १२० ही गाडी पक्क्या छतासह बाजारात आणली आणि १९६१ मध्ये जिनिव्हा येथे ई-टाइप सादर केली तेव्हा मात्र चित्र पालटले होते. या गाड्या साच्यातल्या पत्र्यांच्या होत्या, तुलनेने स्वस्त होत्या, आणि म्हणूनच त्यांचे सुटे भाग आज ब्रिटनमध्ये नव्याने तयार होऊन मिळतात. नवख्या मालकाने पहिली गाडी म्हणून जॅग्वार घ्यावी आणि हाताने बांधलेल्या बेंटलीपासून लांब राहावे, हा जाणकारांचा सल्ला याच वस्तुस्थितीवर उभा आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात अशा गाड्या येथे येण्याची वाट झपाट्याने अरुंद झाली. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्यांची जुळणी करणारी जनरल मोटर्स १९५०च्या दशकात सरकारचे धोरण बदलताच निघून गेली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि बंगालमधील हिंदुस्तान मोटर्स यांच्याकडे देशाची बहुतेक सगळी मागणी आली. आणि परदेशी गाडी मिळण्याचे मार्ग परदेशी वकिलातींनी विकायला काढलेल्या, सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत लिलावात येणाऱ्या गाड्या किंवा परदेशातून कायमचे परतणाऱ्यांनी सोबत आणलेल्या गाड्या यांपुरते उरले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर अनेक राजवाड्यांचे मोटारखाने रिकामे झाले आणि दोनच वर्षांत तेलाच्या किमती भडकल्यामुळे मोठ्या इंजिनाची गाडी चालवणे ही चैनीपेक्षाही शिक्षा वाटू लागली. जुन्या गाड्या देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आले खरे, पण ते येईपर्यंत आणि त्यानंतरही पळवाटांनी बरेच काही निघून गेले. जे राहिले ते गोदामांत, गोठ्यांत आणि भंगारवाल्यांकडे राहिले.

या काळात गाड्या कशा जगल्या, हे प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. सुटे भाग आयात करण्याची सोय नसल्यामुळे मिस्त्री जे हाताशी असेल त्यावर भागवत गेला, आणि ब्रिटिश गाड्यांच्या नशिबाने हाताशी असलेले बरेचसे ब्रिटिशच होते. अॅम्बॅसडर ही मुळात मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती, तिच्या एस.यू. जातीच्या कार्ब्युरेटरचे तत्त्व आणि पुष्कळसे भाग जॅग्वारच्या कार्ब्युरेटरशी नाते सांगतात. या कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या ओढीप्रमाणे वर-खाली होणारा एक दट्ट्या असतो आणि त्याला लावलेली निमुळती सुई पेट्रोलचे प्रमाण ठरवते. अॅम्बॅसडर दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही तालुक्याच्या गॅरेजात ही यंत्रणा डोळे मिटून उघडली जात असे. विजेच्या सामानात लुकास, ब्रेकच्या सामानात गर्लिंग या ब्रिटिश कंपन्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस चेन्नईच्या टीव्हीएस समूहाबरोबर कारखाने काढले होते. फ्रेंच गाडीच्या मालकाला ही सवलत नव्हती. परंतु जेथे जुळणारा भाग मिळाला नाही तेथे बदल कठोर झाले. चेन्नईच्या सिम्पसन कंपनीचे पर्किन्स डिझेल इंजिन, जे मुळात ट्रक आणि ट्रॅक्टरसाठी होते, ते पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून अनेक मोठ्या गाड्यांच्या पोटात गेले. गिअरपेटी जीपची आली. मूळ चामडे फाटल्यावर रेक्झीन चढले. शुद्धतावादी संग्राहक या सगळ्याला विटंबना म्हणतात. ते म्हणणे सोयीचे आहे, कारण हे बदल झाले नसते तर त्या गाड्यांपैकी कित्येकींचे पत्रे वितळवले गेले असते, ही गोष्ट त्यात विसरली जाते.

धातू आणि लाकूड यांच्या नाशाची कारणे प्रदेशानुसार बदलतात आणि येथे मराठवाड्याची बाजू किनारपट्टीपेक्षा उजवी ठरते. मुंबईत वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि बारमाही खारी हवा, तर बीड जिल्ह्यात पावसाचे मान साधारण साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तेही अनेक वर्षी न गाठले जाणारे. त्यामुळे सिंदफणा नदीच्या काठच्या कोरड्या गावातील पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिलेली गाडी गंजाच्या बाबतीत गिरगावातल्या गाडीहून कितीतरी अधिक काळ टिकते. ई-टाइपसारख्या गाडीत, जिथे वेगळी चासी नसून पत्र्याच्या पोकळ पेट्याच भार पेलतात, हा फरक निर्णायक असतो, कारण तेथे गंज आतून सुरू होतो आणि बाहेर रंगाला फुगवटा आला तेव्हा आतली पेटी बहुधा संपलेली असते. तथापि कोरडेपणाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. हाताने बांधलेल्या गाडीतील अॅश या लाकडाचा सांगाडा आटतो, त्याचे सांधे सैल होतात आणि दरवाजा बिजागरीवर लोंबू लागतो. रबरी पट्ट्या तडकतात. चामडे कडक होऊन शिवणीत फाटते. आणि जमिनीलगत लाकूड असेल तर वाळवी आपले काम गाजावाजा न करता उरकते. बेंटली कॉन्टिनेंटल किंवा अॅस्टन मार्टिन डीबी४ आणि डीबी५ यांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. या गाड्यांत पोलादी चौकटीवर किंवा बारीक पोलादी नळ्यांच्या जाळ्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा चढवलेला असतो, आणि दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊ लागते. हे कोरड्या हवेत मंदावते, थांबत नाही. गाडी धुऊन ओली झाकून ठेवणारा मालक ते स्वतःच्या हाताने वाढवतो.

पत्र्याच्या कामाला लागणारे कसब मात्र महाराष्ट्रात परके नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांत दोन पत्र्यांचा सांधा भरून काढण्यासाठी आजच्यासारखी पुट्टी वापरत नसत, तर पोलादाला आधी कथलाचा पातळ थर देऊन त्यावर शिसे-कथलाचा मऊ मिश्रधातू लाकडी थापीने पसरवत आणि मग कानशीने घासून आकार काढत. भांड्याला कल्हई करणाऱ्याला यातील पहिली पायरी समजावून सांगावी लागत नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर जे मठारकाम चालते, त्यात हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी पत्रा ताणून त्याला बाक देण्याचे जे ज्ञान आहे, तेच ज्ञान अॅल्युमिनियमच्या मडगार्डाला हवे असते, फरक फक्त धातू तापवून मऊ करण्याच्या अंशांचा. तरीही हे दोन व्यवसाय एकमेकांना भेटले नाहीत. गॅरेजमधील डेंटिंग-पेंटिंगचा धंदा विम्याच्या दाव्यांभोवती वाढला, त्यात वेग महत्त्वाचा ठरला आणि पत्रा ठोकून सरळ करण्याऐवजी पुट्टीने खड्डा बुजवणे किफायतशीर झाले. जीर्णोद्धार करवून घेणाऱ्याला खरी टंचाई जाणवते ती कारागिराच्या हाताची नव्हे, तर त्या हाताला पुरेसे दिवस विकत देणाऱ्या ग्राहकाची. हाताने बांधलेल्या एका गाडीला हजारो तास लागतात, आणि ते तास एका मिस्त्रीच्या वर्षाच्या कमाईत कसे बसवायचे हे गणित मालकाने आधी करावयास हवे. रंगाची छटा नंतर ठरवली तरी चालते.

इंजिनाच्या बाबतीत सर्वाधिक चर्चा इंधनाची होते आणि ती योग्यच आहे. जुन्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग असे, जे इंजिनात अकाली स्फोट होऊ देत नसे आणि झडपांच्या बैठकींवर सूक्ष्म थर देऊन त्यांची झीजही थांबवी. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. ज्या इंजिनांचे डोके ओतीव लोखंडाचे होते आणि झडप थेट त्या लोखंडावर बसे, त्यांना कठीण पोलादाच्या नव्या बैठका बसवून घ्याव्या लागल्या. जॅग्वारच्या एक्सके इंजिनाचे डोके मुळातच अॅल्युमिनियमचे असल्यामुळे त्यात वेगळ्या बैठका पहिल्यापासून आहेत, म्हणून त्याचे मालक या प्रकरणात निर्धास्त राहिले. इथेनॉलने मात्र कोणालाच सोडले नाही. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी साठले की पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, शिसे-कथलाचा मुलामा असलेल्या जुन्या टाकीचा मुलामा खाते आणि गाडीच्या इंधनपंपातील जुन्या रबरी पडद्याला फुगवते. शिवाय त्याची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश असल्याने मिश्रणात इंधनाचे प्रमाण वाढवावे लागते, अन्यथा इंजिन कमी इंधनावर अधिक तापते, एस.यू. कार्ब्युरेटरमध्ये हे काम अधिक पातळ सुई बसवून होते, आणि एवढ्या एका बदलाकडे दुर्लक्ष केल्यामुळे उन्हाळ्यात बेचाळीस अंशांच्या उन्हात गाडी रस्त्यात बंद पाडणारे मालक थोडे नाहीत. शिरूर कासार आणि आसपासच्या तालुक्यांतून दर दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात, त्या उसाच्या मळीपासून आणि रसापासून हे इथेनॉल तयार होते, आणि कूपे बाळगणाऱ्याची तक्रार त्या व्यवस्थेपुढे फारच किरकोळ आहे, हे येथे नोंदवलेले बरे. उपाय साधे आहेत: नळ्या आणि पडदे इथेनॉलला दाद न देणाऱ्या रबराचे घ्यावेत, टाकी आतून लेप देऊन घ्यावी आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

तालुक्याच्या गावी अशी गाडी ठेवणाऱ्याने कामाची वाटणी कशी करावी, याला काही वस्तुनिष्ठ मर्यादा आहेत. गाडी उघडणे, प्रत्येक भागाचे छायाचित्र काढून चिठ्ठी बांधून ठेवणे, चासी घासून तिला गंजरोधक लावणे, वायरिंग नव्याने ओढणे ही कामे ट्रॅक्टर-ट्रॉली बनवणाऱ्या आणि शेतीची अवजारे जोडणाऱ्या गावच्या वर्कशॉपात उत्तम होतात. केवळ दोन गोष्टी मिस्त्रीला आधी सांगाव्या लागतात. पहिली अशी की १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू चासीला जोडलेली असे, आणि सवयीने ऋण बाजू जोडली तर नंतर बसवलेले अल्टरनेटर किंवा रेडिओ क्षणात जळतात. दुसरी अशी की जुने ब्रिटिश आटे व्हिटवर्थ पद्धतीचे, पंचावन्न अंशांचे असतात, मेट्रिक आटे साठ अंशांचे; जवळच्या मापाचा मेट्रिक बोल्ट ताकदीने आवळला तर तो बसल्यासारखा वाटतो आणि अॅल्युमिनियमच्या डोक्यातला आटा कायमचा नष्ट करतो. टायरचा एक विलक्षण योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे: एक्सके १२०चे मूळ टायर ६.००-१६ मापाचे असून तेच माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना चालते, त्यामुळे ते कोणत्याही बाजारपेठेत मिळते. मात्र ट्रॅक्टरचा टायर संथ गतीसाठी बनलेला असतो आणि ताशी शंभर मैल जाऊ शकणाऱ्या गाडीला तो लावणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. गाडी अंगणात ढकलण्यापुरता त्याचा उपयोग करावा. याच्या पुढची कामे गावाबाहेर जातात. पिस्टनसाठी किंवा फुटलेल्या कवचासाठी ओतकाम हवे असेल तर कोल्हापूरच्या फाउंड्री, सुट्या भागांची शोधाशोध करायची असेल तर पुण्याची नाना पेठ आणि मुंबईचा चोर बाजार व कुर्ला, हा जुना मार्ग अजूनही बुजलेला नाही.

शिरूर कासारहून पाथर्डीमार्गे गाठता येणाऱ्या अहिल्यानगरच्या लष्करी रणगाडा संग्रहालयाचा उल्लेख या संदर्भात सहसा होत नाही, आणि तो व्हायला हवा. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चासीवर उभारलेली चिलखती गाडी आहे. मुंबई-कोल्हापूर कसोटीत जिंकलेल्या यंत्राच्याच कुळातली चासी, वर दरबारी बांध्याऐवजी पोलादी चिलखत. जतनाचा उद्देश दिखावा नसून अभ्यास असेल तर वस्तूवरील वापराच्या खुणा पुसण्याची घाई होत नाही, ही दृष्टी लष्करी संग्रहालयात खासगी संग्रहापेक्षा अधिक रुजलेली दिसते.

‘मूळ स्वरूप’ म्हणजे काय यावर जगात झालेला विचार आता लक्षात घ्यावा लागेल. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस येथे जी सनद संमत झाली, तिने इमारतीवर निरनिराळ्या काळांत झालेल्या प्रामाणिक भरींना मान द्यावा आणि अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबवावा, असे तत्त्व मांडले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पुढे तुरिन सनदेत हाच विचार मोटारींना लावला. त्याचा सारांश असा की जतन हे दुरुस्तीहून श्रेयस्कर आणि दुरुस्ती संपूर्ण नवेपणाहून श्रेयस्कर. तसेच नव्याने केलेला प्रत्येक बदल ओळखता यावा व शक्यतो उलटवता यावा. ब्रिटनच्या न्यायालयाने हा प्रश्न १९९० मध्ये प्रत्यक्ष हाताळला. १९२९ आणि १९३० साली ल मान्सची शर्यत जिंकलेली ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली १९३२च्या प्राणघातक अपघातानंतर कूपे बांध्यासह पुन्हा उभी करण्यात आली, पुढे तो बांधाही उतरला, आणि मूळचे लोखंड फारच थोडे उरले असताना ती काही लक्ष नव्हे तर एक कोटी पौंडांना विकायचा करार झाला. खरेदीदाराने ती खरी नसल्याचे सांगून माघार घेतली, तेव्हा न्यायालयाने असा निर्णय दिला की गाडीचा इतिहास अखंड आहे, ती टप्प्याटप्प्याने बदलत गेली आहे, आणि म्हणून ती तीच गाडी आहे. या निर्णयावर टीका पुष्कळ झाली. परंतु मोटारीची ओळख लोखंडाच्या तुकड्यांत नसून तिच्या सलग, पुराव्यानिशी सांगता येणाऱ्या चरित्रात आहे, ही त्याची मध्यवर्ती भूमिका भारतीय परिस्थितीला इतर कोणत्याही भूमिकेपेक्षा अधिक जवळची आहे.

पुराव्यानिशी, हा शब्द येथे कळीचा ठरतो. ‘ओल्ड नंबर वन’च्या शर्यतकाळातील मालकाची, वुल्फ बार्नाटो यांची, दुसरी एक गाडी हे त्याचे उलट उदाहरण आहे. १९३० मध्ये त्यांनी फ्रान्सच्या ‘ब्लू ट्रेन’ या आगगाडीला बेंटलीने हरवले. पुढे अनेक दशके गर्नी नटिंग यांनी बांधलेली एक देखणी, उतरत्या पाठीची कूपे हीच ती गाडी म्हणून चित्रांतून आणि प्रदर्शनांतून मिरवली, आणि कागद तपासल्यावर निघाले की ती शर्यतीच्या वेळी तयारच झालेली नव्हती. धावली ती चार माणसांची साधी बंद गाडी. ज्या बांधणीकाराने होळकरांची ड्यूसेनबर्ग सजवली त्याच्याच नावाभोवती ही दंतकथा उभी राहिली, हे विशेष. भारतात ‘अमुक महाराजांची गाडी’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वाहनांच्या बाबतीत खरेदीदाराने एवढी एक गोष्ट जरी आठवली तरी त्याचे बरेच पैसे वाचतील.

भारतीय कायद्याने मात्र याहून सरळसोट वाट धरली. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत भर घालून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘विंटेज’ दर्जा देण्यात आला. नव्या नोंदणीसाठी राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे, वीस हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत ठरली, पुनर्नोंदणीला पाच हजार रुपये ठरले, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवण्याची मुभा मिळाली. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतेच अशा गाडीला रस्त्यावर येता येते, रोजच्या वापराला नाही. ही व्यवस्था स्वागतार्हच आहे, कारण त्यापूर्वी अशी गाडी आणि पंधरा वर्षांची टॅक्सी यांत कायदा काही भेद करत नसे. अडचण आहे ती एका अटीत: चासी, बांधा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेली गाडी या दर्जाला पात्र नाही. १९५५ ते १९८५ या तीस वर्षांत ज्या देशाने सुटे भाग येऊच दिले नाहीत, त्या देशात चाललेल्या गाडीने इंजिनासह जशीच्या तशी राहिल्याचे सिद्ध करावे, ही अपेक्षा तिच्या इतिहासालाच अपात्र ठरवणारी आहे. पर्किन्स इंजिनाची कूपे ही इंग्लंडमध्ये कोठेही सापडणार नाही अशी वस्तू आहे, आणि ती टंचाईच्या अर्थव्यवस्थेचा दस्तऐवज आहे. अर्थात प्रत्येक जुगाडाला वारसा म्हणण्याचा अतिरेकही नको. १९९०नंतर हौसेने ठोकलेले क्रोमचे नक्षीकाम आणि जपानी गिअरपेटी यांना तो मान देण्याचे कारण नाही. अमुक बदल कोणत्या काळात, कोणत्या गरजेपोटी आणि कोणत्या साधनांनी झाला हे दाखवता येत असेल तर तो ठेवावा, मूळ भाग सापडल्यास शेजारी जपून ठेवावा, आणि राज्याच्या छाननी समितीने अशा नोंदीसह आलेल्या अर्जाचा वेगळा विचार करावा, ही मांडणी अव्यवहार्य म्हणता येणार नाही.

क्लब आणि स्पर्धा यांनी या बाबतीत मदतही केली आणि थोडे नुकसानही. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे. प्राणलाल भोगीलाल यांच्या पुढाकाराने मुंबईत उभ्या राहिलेल्या विंटेज अँड क्लासिक कार क्लबने आणि त्यांनी अहमदाबादजवळ काठवाडा येथे जमवलेल्या संग्रहाने एका पिढीला या गाड्यांचे मोल शिकवले. कार्तिएच्या पुरस्काराने २००८ मध्ये मुंबईत पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय परीक्षकांपुढे भारतीय गाड्यांची सौंदर्यस्पर्धा झाली आणि येथील मालकांना चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, मूळ रंगाची नोंद या गोष्टींची गोडी लागली. त्याच स्पर्धांनी आरशासारख्या चकाकीची हावही वाढवली. कारखान्यातून १९५५ मध्ये निघालेल्या गाडीचा रंगसुद्धा आजच्या बक्षीसपात्र गाडीइतका गुळगुळीत नव्हता. अशा गाडीला जीर्णोद्धार म्हणण्याऐवजी नवनिर्मिती म्हणावे हे अधिक प्रामाणिक.

कागदपत्रांच्या बाबतीत मालकाला उपलब्ध असलेली साधने बरीच चांगली आहेत आणि त्यांचा वापर कामाला हात घालण्यापूर्वी व्हायला हवा. रोल्स-रॉइस आणि तिच्या ताब्यात आल्यानंतरच्या बेंटली गाड्यांच्या चासीनिहाय नोंदी इंग्लंडमध्ये हंट हाउस येथे उत्साही मंडळींच्या क्लबने जपल्या आहेत. जॅग्वारचा वारसा न्यास चासी क्रमांकावरून मूळ रंग, आतील चामड्याची छटा आणि गाडी पाठवल्याची तारीख नमूद करणारे प्रमाणपत्र देतो. जॅग्वार २००८ पासून टाटा समूहाची आहे, तरी ही नोंद मिळवायला विचारणा इंग्लंडलाच करावी लागते. गाडी भारतात उतरल्यानंतरच्या काळासाठी मात्र असे एकछत्री दफ्तर नाही. जुनी नोंदणीपुस्तके, विमापत्रे, पेट्रोलपंपाच्या उधारीच्या वह्या, लग्नातली छायाचित्रे, आणि हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात व मग महाराष्ट्रात आलेल्या जिल्ह्यांच्या बाबतीत बदललेल्या क्रमांकमालांची सांगड, यांतूनच ते चरित्र जुळवावे लागते. बीडच्या परिवहन कार्यालयात आज एमएच-२३ने सुरू होणारा क्रमांक घेतलेल्या जुन्या गाडीचा त्याआधीचा क्रमांक कोणत्या राज्याने दिला होता, हे शोधणे कित्येकदा तिच्या इंजिनाच्या दुरुस्तीहून अवघड जाते.

हे काम पुढे आणखी निकडीचे होणार आहे. पूर्वी केवळ १९५० आधी तयार झालेल्या गाड्याच विंटेज म्हणून बाहेरून आणता येत. फेब्रुवारी २०२५ पासून पन्नास वर्षांहून जुनी कोणतीही गाडी वैयक्तिक वापरासाठी आणण्याची मोकळीक मिळाली, आणि ही मर्यादा दरवर्षी एकेक वर्षाने पुढे सरकते. १९७५ ते १९७७ या अल्प काळात सुमारे दहा हजारांच्या संख्येने तयार झालेली जॅग्वारची दोन दारांची एक्सजे-सी आता या दारातून आत येऊ लागेल. तिच्यासोबत कारखान्याचे प्रमाणपत्र, अखंड सेवापुस्तिका आणि न बदललेले इंजिन येईल, आणि कर जबर असला तरी नोंदणीचा मार्ग निर्वेध असेल. येथल्या गोदामातील, तीस वर्षे मिस्त्रीच्या कल्पकतेवर जगलेली कूपे त्याच खिडकीवर अर्ज घेऊन उभी राहील तेव्हा तिच्याकडे दाखवायला पोटातले पर्किन्स इंजिन असेल, आणि ते केव्हा व का बसवले हे सांगणारा कागद असेल तरच तिची बाजू ऐकून घेतली जाईल.